पाक पुढं गेला

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी मामा आले. कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात माझी सतरा चित्रं लागली होती आणि त्या वेळी आत मी, वॉचमन आणि एक कुरकुरणारा पंखा एवढेच होतो. मामांनी चपला दाराबाहेर काढल्या. (तिथं काढायच्या नसतात, पण त्यांना कोण सांगणार?) टोपी सारखी केली, हात मागं बांधले आणि जनावरांच्या बाजारात बैल बघत फिरावं तसे ते एकेका चित्रापुढून गेले. दहा मिनिटांत चक्कर संपली. तोंडातून शब्द नाही. मग उलटे फिरले, शेवटून तिसऱ्या तपकिरी चित्रापुढं थांबले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले,

"पोरी, ह्येचा पाक फुडं गेला."

माझे मामा गुळव्या आहेत. भोगावतीकाठच्या गावात चाळीसेक वर्षं उसाचा रस आटवायच्या काहिलीशेजारी उभं राहून त्यांनी गूळ काढलाय. चित्रकलेशी त्यांचा संबंध म्हणजे घरातलं कॅलेंडर. पण त्या चित्राचं काय बिघडलंय हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते कळणार नाही अशी माझी खात्री होती. ते चित्र एका सकाळी झालं होतं. पूर्ण. मी चहा प्यायले, परत येऊन उभी राहिले आणि दुपारभर त्याच्यावर आणखी काम केलं. संध्याकाळपर्यंत त्यातली सगळी हवा निघून गेली. तरीही ते मी प्रदर्शनात लावलं, कारण भिंतीवर एक जागा रिकामी राहत होती.

कोल्हापुरात अमूर्त चित्रं काढणं म्हणजे तालमीच्या गल्लीत बुद्धिबळाचा पट मांडून बसणं. कुणी अडवत नाही, फक्त येता-जाता विचारतात, "मग व्यायाम कधी करतेस?" या गावाला कलापूर म्हणतात ते उगाच नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी इथं नाटकांचे पडदे रंगवले, बाबूरावांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवून सिनेमे काढले. इथला रसिक चित्रापुढं उभा राहिला की आधी कातडीचा रंग बघतो, मग बोटं मोजतो. माझंही शिक्षण तसंच झालं. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी बरीच वर्षं व्यक्तिचित्रं केली. साठीशांतीची, निवृत्तीची, आणि मुख्य म्हणजे हार घालायची. एकदा एका घरी असंच वारलेल्या वडलांचं चित्र पोचवलं. मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डोळे बरोबर आलेत, नाक बरोबर आलंय. पण बाबा न्हाई आले." पैसे दिले त्यानं, पूर्ण दिले. मला ते खिशात घालताना लाज वाटली.

तेव्हापासून मी अमूर्ताकडं वळले, असं सांगितलं तर गोष्ट छान जुळते. खरं म्हणजे त्यानंतरही मी चार वर्षं व्यक्तिचित्रं करत होते. भाडं भरायचं होतं. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आबालाल रहिमान मला आठवतात ते अशा वेळी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांच्या आश्रयाचा हा चित्रकार कोल्हापुरातल्या कोटीतीर्थ तलावाच्या काठी राहिला आणि तिथलं पाणी, झाडं, रंकाळा, पंचगंगा हेच पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली असं इथं सांगतात. विद्यार्थी असताना ही गोष्ट ऐकली की डोळ्यांत पाणी यायचं. आता वेगळंच मनात येतं. त्यात जलरंगातली चित्रं असतील, तर कोटीतीर्थाच्या पाण्यानं कोटीतीर्थाची झाडं किती वेळात पुसली असतील? आधी काय गेलं असेल, आभाळ की सावल्या? त्यांच्यापाशी नुसतं पाणी पाण्यासारखं काढायचा हट्ट नव्हता. उजेड पडला की काठ कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं हे कळेनासं होतं, ते आबालाल बघत होते. आबालाल १९३१ मध्ये गेले. आज कोटीतीर्थाच्या कठड्याला टेकून मोबाइल बघणाऱ्या पोरांना त्यांचं नाव माहीत असेलच असं नाही, आणि त्यात पोरांची काही चूकही नाही.

"तुम्हाला प्रेरणा निसर्गातून मिळते का हो?" हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. सगळ्यांच्या माहितीपत्रकात 'निसर्गातून स्फुरलेली चित्रं' असं छापलेलं असतं, माझ्याही होतं. आता ते वाक्य वाचलं की ओशाळायला होतं. कुठला निसर्ग? आमच्याकडं डोळा जाईल तिथवर ऊस. नदीवर कोल्हापुरी बंधारे. घाटावर म्हशी धुताहेत, पलीकडं वीटभट्टीचा धूर. ज्या रंकाळ्यावर आपण संध्याकाळी भेळ खायला जातो, तीसुद्धा म्हणे मुळात दगडाची खाण होती. तिथला काळा दगड काढून अंबाबाईचं देऊळ बांधलं, अशी समजूत आहे. म्हणजे दगड काढून नेल्यावर जी जागा उरली, त्या जागेला आपण रंकाळा म्हणतो. शाळेतल्या पोरांना मी हे सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. मला मात्र ते हळूहळू फार कामाचं वाटायला लागलं.

सुरुवातीला मी निसर्ग शोधायला रीतसर बाहेर पडले होते. पाठीला सॅक, घडीचा स्टँड, पाण्याची बाटली. सप्टेंबरात पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर जाऊन फुलं काढली. घरी आणून बघितली तर ती पठारावरची फुलं वाटत होती. वाईट नव्हती, पण त्यासाठी मी लागत नव्हते. फोन पुरला असता.

काहीतरी हाती लागलं ते राधानगरीहून दाजीपूरला जाताना, तेही गाडी पंक्चर झाली म्हणून. रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता आणि कापलेली कड ताजी होती. जांभा. वर गवताचं बोटभर काळं अस्तर, त्याखाली विटकरी लाल, मग पिवळट डागांचा पट्टा, त्यात सुपारी मावेल एवढी भोकं, आणि खाली पांढुरकी, शाडूसारखी माती. बोट लावलं की रंग बोटाला. जांभा कसा होतो हे मी नंतर वाचलं. लाखो वर्षं पाऊस खडकातून झिरपत राहतो, विरघळणारं सगळं धुऊन नेतो आणि जे जात नाही, ते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम, मागं राहतं. लाल रंग त्या गंजलेल्या लोखंडाचा. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनं चिरे पाडतात. मग हवा लागली की घट्ट होतो. माझ्या पेटीतल्या बर्न्ट सिएनाच्या ट्यूबमध्ये तरी दुसरं काय असतं? इटलीतल्या एका गावची अशीच लोखंडी माती, भाजलेली. इतकी वर्षं मी ती ट्यूब विकत घेत होते आणि तिचं सख्खं भावंड आमच्या घाटात रस्त्याच्या कडेला पडलेलं होतं.

पंक्चर काढेपर्यंत तासभर तिथं बसले. वहीत काही काढलं नाही. बोटानं मातीचे चार पट्टे ओढले आणि शेजारी लिहिलं, 'वरचं वाहून गेलं की हे.'

माझ्या वह्या अशाच असतात. चित्रं कमी, डाग आणि शब्द जास्त. 'केंदाळ काढल्यावर रंकाळ्याचं पाणी, सकाळ, शिशासारखं.' 'प्रयाग चिखलीच्या संगमावर पहिला पूर, दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी, मिसळायला तयार नाहीत.' स्टुडिओत परतल्यावर वही उघडायची नाही हा नियम. जे लक्षात राहिलं तेवढंच घ्यायचं.

स्टुडिओ म्हणजे काय, वरच्या मजल्यावरची एक खोली. आधी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकचे पातळ हात देते, ते तासाभरात वाळतात. त्यावर तैलरंग. तैलरंग वाळतो म्हणतात खरं, पण कपड्यासारखं पाणी उडून तो वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यातही प्रत्येक रंगाचा स्वभाव निराळा. अंबरमध्ये मँगेनीज असतं म्हणून तो लवकर सुकतो, काही तांबडे आठवडाभर ओलेच बसतात. आमच्या पावसाळ्यात तर विचारू नका, कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते पण रंग वाळत नाही. लाल थर दिला, दोन दिवस थांबले, त्यावर राखाडी ओढला, मग जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडायला बसले, असं माझं काम चालतं. राखाडी निघतो, कापडाच्या विणीच्या खळग्यांत तेवढा अडकून राहतो, आणि उंचवट्यांवरून खालचा लाल डोकावतो. मग आईच्या जुन्या सुती लुगड्याचा बोळा, टर्पेंटाईनमध्ये बुडवून पिळलेला. तो कुठं किती दाबायचा यात निम्मं चित्र आहे. रंग लावायला मला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट काढायला लागतो. आई म्हणते, "काढायचाच असतोय तर लावतीस कशाला?" याचं चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता पुराचं सांगते, कारण ते टाळून पुढं जाता येत नाही. ऑगस्ट २०१९. तेव्हा माझी खोली जयंती नाल्याच्या अंगाला, तळमजल्यावर होती. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही आईला आणि कागदपत्रांना घेऊन बाहेर पडलो. चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना, आतून गाळ बसला होता. बत्तीस चित्रं होती. रंग धुऊन गेले नव्हते, वाळलेला रंग इतक्या सहज जात नाही. पण चौकटी फुगून उलगडल्या होत्या, कापड सैल पडून पोट सुटल्यासारखं लोंबत होतं आणि विणीच्या प्रत्येक छिद्रात तो बारीक, साबणासारखा गाळ. वास सांगत नाही.

लोकांनी नंतर मला हौसेनं सुचवलं की पुरानं चित्रांवर जे केलं तीच खरी कला, ती तशीच मांडा. मला त्यांचा राग आला होता. अजून येतो. शेजारच्या घरात धान्याची पोती सडली होती आणि कुंभार गल्लीत महिनाभरावर आलेल्या गणपतीच्या मूर्तींचा चिखल झाला होता. त्यांना कुणी जाऊन सांगितलं नाही की ही कला आहे म्हणून. बत्तीसही चित्रं मी महापालिकेच्या कचऱ्याच्या ट्रॉलीत घातली.

तरी मोह सुटला नाही हे कबूल करते. भिंतीवर पाण्यानं आडवी रेघ ठेवली होती. माझ्या खांद्याच्या वर, खाली तपकिरी, वर जुना निळा. पुढं दोन वर्षं मी ती रेघ रंगवत होते. चित्रामागून चित्र, आडवी रेघ, खाली तपकिरी. लोकांना आवडायची, पूर म्हटलं की गळे दाटायचे, दोन विकलीही गेली. पण रेघ खोटी होती. पाण्यानं ती ओढली नव्हती, पाणी फक्त आठवडाभर तिथं थांबलं होतं. मी मात्र ती पट्टी धरून, श्वास रोखून ओढत होते. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा मी वरच्या मजल्यावरून पाणी चढताना बघत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं की रेघ वगैरे काही नसतंच. पाणी सारखं हलत असतं, वर-खाली, भिंतीला चाटत. ते निघून गेल्यावरच आपल्याला रेघ दिसते.

त्या हिवाळ्यात मी कुठलंच चित्र न काढता मामांकडं जाऊन राहिले. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. लहानपणी तिथं जायचो ते गरम गूळ खायला. आता पहिल्यांदा नुसती बघत बसले. रस काहिलीत येतो तेव्हा त्याचा रंग सांगता येण्यासारखा नसतो, हिरवट-करडा, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा. खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात, त्याला धरून सगळी घाण वर येते, ती मळी झाऱ्यानं काढत राहायचं. मग दोन-अडीच तास काहीच घडत नाही. पाणी उडतंय एवढंच. बघणाऱ्याला कंटाळा येतो, मी दोनदा डुलकी काढली.

आणि मग शेवटची पाच-सात मिनिटं. फेस बारीक होतो. बुडबुड्यांचा आवाज आधी खळखळ असतो, तो जड होतो, फदफद. पिवळा मधाळ होतो, मधाळ तांबूस, आणि प्रत्येक रंग आधीच्यापेक्षा लवकर येतो. पाणी जसं कमी होतं तसा पाक जास्त तापत जातो, ११८ अंशांच्या आसपास. तिथून पुढं चार अंश म्हणजे जळका वास. मामा थर्मामीटर वापरत नाहीत. त्यांनी पळीभर पाक थंड पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी गोळा केला, टाकून दिला. थोड्या वेळानं पुन्हा. तिसऱ्या वेळी गोळी वळली, त्यांनी ती काहिलीच्या काठावर हाणली. टण्ण.

"उतरा!"

त्या एका शब्दावर जाळव्यानं हात थांबवला, चौघं धावले, काहिल कलंडली आणि पाक निववायच्या वाफ्यात. मी विचारलं, "मामा, अजून मिनिटभर ठेवली असती तर?"

"तर काय? काळा झाला असता."

"आणि मिनिटभर आधी?"

"बसलाच नसता. काकवी खायाला लागली असती." मग फावड्यानं पाक ओढता ओढता म्हणाले, "आणि एक हाय. काहिलीत असताना झाल्यागत दिसाय लागला की उशीर झालेला असतोय. खाली उतरल्यावर बी त्यो शिजतच असतोय. थोडा कच्चा असतानाच उतरवायचा."

हे शेवटचं मला कुठल्या कलाशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. एवढं शिकवलं गेलं की चित्र पूर्ण करावं. पण तैलरंगही उतरल्यावर शिजतच असतो. महिन्याभरात चकाकी बसते, पांढरा किंचित पिवळा होतो, खालचा थर वर जाणवायला लागतो. ज्या सकाळी माझं ते तपकिरी चित्र झालं होतं, तेव्हा ते जरासं कच्चं होतं, उजव्या बाजूला काहीतरी राहिल्यासारखं. ते राहिलेलंच मी दुपारी भरत बसले होते.

वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. रोलर आणि सुरीनं रंग चढवायचे, काढायचे, बाकीचा वेळ नुसते बसून असायचे. आपल्या चित्रांना ते अमूर्तसुद्धा म्हणू देत नसत. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या या माणसाच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलं, तेव्हा कळलं सगळ्यांना. त्यांच्या त्या बसण्याबद्दल लोक अध्यात्म, झेन वगैरे बोलतात. असेलही. मला आपली मामांची ती तिसरी गोळी आठवते. आणि डुलकी काढणारी मी.

गुळाच्या बाजारातलीही एक खोच आहे. आडत्याला पिवळाधमक गूळ लागतो, म्हणून काही जण पाकात हायड्रॉस पावडर टाकतात. रंग उजळतो, भाव चांगला येतो. मामा टाकत नाहीत, त्यांच्या गुळाला क्विंटलमागं कमी मिळतात आणि ते दर वर्षी शिव्या देत घरी येतात. माझ्याकडंही ती पावडर आहे. कॅडमियम पिवळ्याचा एक फटकारा मधोमध मारला की चित्र भिंतीवरून हाक मारतं. मी मारते कधीकधी. मामांएवढी मी कडक नाही.

त्या दुपारी कलादालनातून निघताना मामांनी चपला घालता घालता विचारलं, "त्या काळ्याचं काय करणार?"

"कोण घेणार ते? ठेवीन माळ्यावर."

"माळ्यावर कशाला? पाक फुडं गेलेला गूळ आडत्याकडं जात न्हाई, घरात ऱ्हातोय. आण तिकडं."

चार फूट बाय तीन फुटांचं ते चित्र एस.टी.च्या टपावर टाकून मी गावी पोचवलं. मामीनं घरात लावू दिलं नाही, म्हणाली नजर लागल्यागत दिसतंय. मग मामांनी ते गुऱ्हाळाच्या कुडाला, पाण्याच्या भांड्याच्या वरच्या अंगाला खिळ्यावर टांगलं. यंदा जानेवारीत गेले तेव्हा त्याच्यावर धुराचं एक सारखं अस्तर चढलं होतं आणि माझं दुपारचं काम बरंचसं झाकलं गेलं होतं. उजव्या अंगाला काहिलीतला एक थेंब उडून तिथंच थिजला होता, चिंचोक्याएवढा, सोनेरी. खालून मुंगळ्यांची रांग कुडावरून चौकटीवर, चौकटीवरून कॅनव्हासवर चढून बरोबर त्या थेंबापर्यंत गेली होती.

मामांनी झारा हलवता हलवता तिकडं बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईक लागलं बघ तुझ्या चित्राला."